वळणावरची ती कुत्री

पत्र: "मागच्या रविवारी मी आणि माझी धाकटी बहीण डोंगरावरून उतरत होतो. एका वळणावर तपकिरी रंगाची, मध्यम बांध्याची एक कुत्री उभी दिसली. गळ्यात निळा पट्टा आणि पट्ट्याला तुटक्या दोरीचा हातभर तुकडा. आजूबाजूला माणूस नाही. आम्ही हाका मारल्या, शिट्टी वाजवली, खायला पुढे केलं. ती दोन पावलं मागे सरली. बहीण तिला धरायला धावली तशी ती खालच्या झाडीत घुसली आणि दिसेनाशी झाली. तासभर हाका मारत हिंडलो. अंधारून यायला लागलं म्हणून उतरलो. खाली कोणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं कोणाला हेच कळलं नाही. तेव्हापासून बहीण नीट बोलत नाही आणि मला धड झोप लागत नाही. आमचं चुकलं का? आणि पुन्हा असं एकटं कुत्रं भेटलं तर काय करायचं?"

उत्तर: तुमचं पत्र वाचलं त्याच रात्री मी तुम्हाला चार ओळी पाठवल्या होत्या. आधी त्या भागातल्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आणि वाटेची देखभाल पाहणाऱ्या कार्यालयाला कळवा, जागा आणि वेळ सांगा, फोटो असेल तर द्या. बाकीचं सावकाश बोलू, असं लिहिलं होतं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कळवलंत. कुत्री अजून सापडलेली नाही. पण तिच्या घरची माणसं डोंगराच्या दुसऱ्या अंगाला शोधत होती, ती तुमच्या निरोपानंतर या बाजूला आली. त्यामुळे आता जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही थेट विचारलंत, म्हणून थेटच सांगते. चुकलं, आणि दोन ठिकाणी चुकलं. तिच्यामागे धावणं ही एक चूक. ती मायेपोटी झाली आणि तुमच्या जागी बहुतेकांच्या हातून झाली असती, म्हणून बहिणीने ती मनाला लावून घेऊ नये. दुसरी चूक जास्त मोठी, ती म्हणजे खाली उतरून गप्प बसणं. कुत्री तुमच्या हाती लागली नाही तरी तिची खबर तुमच्या हाती होती: ती कुठे होती, कधी होती, कोणत्या बाजूला गेली. घरच्यांसाठी त्या घडीला याहून मोलाचं काहीच नव्हतं. डोंगरात एकटं कुत्रं भेटलं की आपल्याला वाटतं, आपण त्याला सोडवायचं. मला इतक्या वर्षांत उलटं पटलं आहे. आपलं पहिलं काम त्याची खबर पोचवणं. पकडणं जमलं तर जमलं.

आधी ती पळाली का, ते समजून घ्या. हरवलेलं कुत्रं पहिल्या काही तासांनंतर बदलतं. घरी एका हाकेत पायाशी येणारं कुत्रं बाहेर एक-दोन रात्री काढल्यावर प्रत्येक हालचालीकडे धोका म्हणूनच बघायला लागतं. ते लपतं, दिवसा गप्प बसतं, पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतं. खुद्द मालकाची हाक ऐकूनही पळाल्याची उदाहरणं आहेत, आणि मालकांच्या ते फार जिव्हारी लागतं. आपल्या आवाजातली माया त्याला ऐकू येत नाही. त्याला दिसतात ती नजर रोखून, हात पुढे करून अंगावर येणारी दोन मोठी जनावरं. तुमची कुत्री दोन पावलं मागे सरली ना, तेव्हा ती सांगतच होती, "एवढ्या अंतरावर मी थांबेन, याहून जवळ नको." तिथेच तुम्ही दोघं खाली बसला असता तर कदाचित तीही बसली असती.

पण बसण्याच्याही आधी एक प्रश्न असतो, आणि तो मी स्वतः चुकून शिकले. हे कुत्रं खरंच हरवलं आहे का?

अकरा वर्षांपूर्वी एका खिंडीत मला एक कुत्रा भेटला. गळ्यात पट्टा नाही, एक कान फाटलेला, मानेवर गोचिडी. मी माझ्या डब्यातलं त्याला दिलं आणि तो मागे निघाला. पाच तास तो माझ्याबरोबर चालला. मी त्याला गाडीत घातलं, डॉक्टरांकडे नेलं, गोचिडी काढल्या, आपण फार चांगलं काम केलं म्हणून समाधानाने झोपले. चार दिवसांनी कळलं की तो खिंडीपलीकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाचा कुत्रा होता आणि त्यांच्याकडची म्हातारी रोज संध्याकाळी त्याला हाका मारत होती. मी त्याला परत नेऊन सोडलं. ती बाई मला एक शब्द बोलली नाही. त्याच्या फाटक्या कानावरून तिने अंगठा फिरवला, दोनदा, आणि पाठ फिरवून आत गेली. अजून कुठलं एकटं कुत्रं दिसलं की मला आधी ती पाठ आठवते.

तेव्हापासून मी आधी नुसती बघते. घर जवळ असलेलं कुत्रं वागण्यातून कळतं. ते वाटेच्या मधून चालतं, फाट्यावर न अडखळता वळतं, पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं, माणसांच्या एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे जातं. अंगावर धूळ असली तरी बरगड्या दिसत नाहीत. असं कुत्रं मागे लागलं तर त्याला खायला घालू नका आणि "चल, चल" म्हणू नका. खाऊ घातल्यामुळेच ही कुत्री अनोळखी माणसांमागे मैलोन् मैल उतरतात. मग माणसं गाड्यांत बसून निघून जातात आणि ते कुत्रं दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दीत एकटं उरतं. आपण हौसेने हरवलेलं कुत्रं तयार करतो. ते मागे येत असेल तर थांबा, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, वर जाणारा एखादा गट आला तर त्यांच्याबरोबर ते परत जातं का बघा. थोडंच अंतर आलं असेल तर सरळ मागे फिरा आणि भेटलं तिथे सोडून या. तासभर गेला तर जाऊ दे.

काही कुत्री एकटी दिसतात, पण ती कामावर असतात. फ्रान्सच्या आल्प्समध्ये मेंढरांच्या कळपात मोठी पांढरी पिरेनियन कुत्री असतात, तिथे त्यांना 'पातू' म्हणतात. मेंढपाळ कित्येकदा नजरेच्या टप्प्यातही नसतो. ती भुंकत समोर येतात, कारण त्यांचं कामच ते आहे. वाटेवर तशा पाट्या लावलेल्या असतात. जगात जिथे जिथे कळप राखणारी कुत्री आहेत तिथे वागायची रीत एकच: थांबा, शांत आवाजात बोला, काठी उगारू नका, सायकल असेल तर उतरा आणि कळपाला लांबून वळसा घाला. तसंच गळ्यात जाड पट्टा आणि त्यातून वर आलेली छोटी अँटेना दिसली तर ते बहुधा शिकारी कुत्रं असतं आणि त्याचा मालक मागे कुठेतरी हातातल्या यंत्रावर ते कुठे आहे हे बघत असतो. असा पट्टा काढून ठेवला तर माग तिथेच संपतो.

आता ज्या शक्यतेचा विचार फार थोडे लोक करतात, ती सांगते. कुत्रं एकटं नसेल. त्याचा माणूस जवळपास पडलेला असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ७१ वर्षांचे एक गृहस्थ आपल्या जॅक रसेल टेरियर कुत्रीला, फिनीला, घेऊन ब्लॅकहेड पीक नावाच्या शिखराकडे गेले आणि परतले नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस एका शिकाऱ्याला त्यांचा मृतदेह सापडला. फिनी त्याच्या शेजारीच होती, जिवंत, वजन जवळपास निम्म्यावर आलेलं. दोन महिन्यांहून जास्त काळ ती त्यांना सोडून गेली नव्हती. म्हणून एखादं कुत्रं तुमच्यापासून पळतं पण एका जागेपासून लांब जात नाही, पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जाऊन परत येतं, भुंकून मागे वळून बघतं, असं दिसलं तर पाच मिनिटं काढून कुत्र्याऐवजी माणसाला हाक मारा. कान देऊन ऐका. कड्याच्या खाली, ओढ्यात, वाटेपासून आत डोकावून बघा. शंका वाटली तर आधी बचाव पथकाला फोन करा, कुत्र्याचं मग बघू.

तुमच्या कुत्रीकडे परत येते. तिच्या गळ्यातली ती तुटकी दोरी तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकली आहे, पण माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट तीच. दोरीचं तुटलेलं टोक जवळून पाहता आलं असतं, निदान फोटो मोठा करून, तर तिची अर्धी गोष्ट कळली असती. टोकाचे धागे पांढरे, कोरडे, फुललेले असतील तर दोरी काल-परवा तुटली. धागे चिखलाने चिकटून काळे झाले असतील तर ती बरेच दिवस फरपटते आहे. टोक तिरकं आणि चघळल्यासारखं असेल तर तिने स्वतः कुरतडून सुटका करून घेतली. कापल्यासारखं सरळ असेल तर कोणीतरी तिला सोडलं असण्याची शक्यता धरावी लागते. आणि दोरी झुडपात अडकते. दोरीसकट झाडीत घुसलेलं कुत्रं गुंतून पडलं तर जागचं हलू शकत नाही, आणि घाबरलेलं असलं तर आवाजही करत नाही. शोधणाऱ्यांना हे सांगितलं नसेल तर आजच सांगा. ते मग लांबून हाका मारत न बसता वळणाखालची झुडपं एकेक करून बघतील.

पुन्हा अशी गाठ पडली तर थांबा आणि लांबूनच फोटो काढा: एक तिचा, एक आसपासच्या खुणांचा. फोनवर जागेची नोंद करा, वेळ लिहा, ती कोणत्या दिशेला बघते आहे तेही लिहा. मग खाली बसा. समोरासमोर बसू नका, तिच्याकडे एक कूस करून बसा. नजर जमिनीवर ठेवा. हाका मारायची गरज नाही, आपसात हळू बोलत राहा. ती जांभई देते आहे, जीभ ओठांवरून फिरवते आहे, जमीन हुंगल्यासारखं करते आहे, तर ती भूक किंवा कंटाळा दाखवत नाही, स्वतःला आणि तुम्हाला शांत करू बघते आहे. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिड रुगोस यांनी या खुणांकडे जगाचं लक्ष वेधलं. तुम्हीही हळूच जांभई द्या, तोंड बाजूला वळवा. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश, असं मात्र धरू नका. अंग ताठ, शेपटी उंच आणि आखूड झटक्यांत हलणारी, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं आहे, असं असेल तर मागे सरका.

खाणं हातात धरून दाखवू नका, स्वतःपासून लांब टाका आणि तिकडे बघू नका. काय टाकता याकडेही लक्ष द्या. डोंगरात आपल्या पिशवीत सुका मेवा आणि चॉकलेट हमखास असतं, आणि मनुका, बेदाणे, चॉकलेट, मॅकाडेमिया नावाचा परदेशी सुका मेवा हे सगळं कुत्र्यांना विषारी आहे. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम तर फारच घातक. कांदाही नको. पाणी द्या, पसरट भांड्यात, थोडं थोडं. उन्हात धापा टाकणारं, चिकट लाळ गळणारं, अडखळत चालणारं कुत्रं असेल तर त्याला उष्माघात झालेला असू शकतो. कुत्र्याचं अंग एरवीही ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून गरम असतं, ४१ च्या वर गेलं तर जीव धोक्यात. सावलीत घ्या, पोट आणि पाय पाण्याने भिजवा, वारा घाला. ते अंगाला हात लावू देत असेल तरच.

ती आपण होऊन जवळ आली, हुंगलं, शेजारी बसली, तर पट्टा हाताने पकडू नका. घाबरलेलं कुत्रं तिथेच चावतं, आणि सैल पट्ट्यातून मान मागे ओढून क्षणात सुटतं. जवळची दोरी किंवा पिशवीचा बंद घ्या, त्याचा सरकता फास करा, जमिनीवर मोठा वेढा धरून त्यात खाणं टाका आणि मान आत आली की सावकाश वर घ्या. गाठ घट्ट बसते आहे एवढंच बघा, ओढाताण नको. दुसरं टोक कमरेला बांधू नका, ती उधळली तर तुम्हीही तिच्याबरोबर जाल. आणि कड्यावर, अरुंद धारेवर किंवा वाहत्या पाण्याजवळ यातलं काहीच करू नका. तिथे घाबरलेलं कुत्रं सरळ खाली उडी घेतं.

ज्या कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, चाल झोकांड्या खाते, जे विनाकारण अंगावर येतं किंवा विचित्र सलगी करतं, त्याच्यापासून लांब राहा, पिल्लू असलं तरी. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं सोपं आहे: जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. १५ मिनिटं किती लांब असतात ते घड्याळ लावून एकदा बघा. कुत्रं दहा दिवस ठीक राहतं का हे पाहायची पद्धत आहे, पण ती वाट बघत लस लांबवू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर बहुतेक कोणी वाचत नाही.

जखमी किंवा थकून पडलेलं मोठं कुत्रं दोघांनी उचलून आणायच्या भानगडीत पडू नका. जुलै २०२० मध्ये इंग्लंडमधल्या स्कॅफेल पाइक पर्वतावर डेझी नावाची ५५ किलोची सेंट बर्नार्ड उतरताना खाली बसली ती उठेना. तिला स्ट्रेचरवरून खाली आणायला १६ स्वयंसेवक आणि सुमारे ५ तास लागले. ऑगस्ट २०१२ मधली कोलोरॅडोतली मिसीची गोष्ट तर मी वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ही जर्मन शेफर्ड १४,००० फुटांहून उंच अशा माउंट बीअरस्टाटजवळच्या दगडी धारेवर मागे राहिली होती. पायांना जखमा होत्या, चालवत नव्हतं. काही दिवसांनी एका जोडप्याला ती सापडली. त्यांनी पाणी दिलं, जखमा बांधल्या, उचलायचा प्रयत्न केला आणि ते जमणार नाही हे ओळखून तिला तिथेच ठेवून उतरले. किती जड पावलांनी उतरले असतील. पण त्यांनी खाली येऊन जागा नेमकी सांगितली, एका ठिकाणी नकार मिळाला तरी सांगत राहिले, आणि मग आठ स्वयंसेवकांनी जाऊन तिला पिशवीत घालून पाठीवरून आणलं. आठ दिवस ती वर होती. त्या जोडप्याने तिला खांद्यावर घेऊन त्या धारेवरून उतरायचा हट्ट केला असता तर काय झालं असतं, याचा विचार मला करवत नाही.

कुत्रं हाती लागलं तर पट्ट्यावरचा नंबर बघा. नंबर नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून मायक्रोचिप तपासून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कातडीखाली असते, तिच्यात साधारण १५ आकडी क्रमांक असतो आणि तो वाचायला यंत्र लागतं. तिच्यावरून कुत्रं कुठे आहे ते कळतं, हा गैरसमज आहे. तिला बॅटरीही नसते. माहिती चारचौघांत टाकताना एखादी खूण, पोटावरचा ठिपका किंवा पट्ट्याचा रंग, स्वतःजवळ ठेवा. मालक म्हणून फोन करणाऱ्याला ती विचारा. आणि कुत्रं अजून बाहेर असेल तर नेमकी जागा सगळ्यांना सांगू नका, फक्त घरच्यांना आणि शोधणाऱ्यांना सांगा. मदतीला धावून आलेली वीस माणसं झाडीत हाका मारत फिरली की ते आणखी लांब जातं.

आता येत्या शनिवारचं. तुम्ही आणि बहीण परत त्या वाटेने जाणार आहात असं कळवलंत. जरूर जा, पण आधी तिच्या घरच्यांना फोन करा आणि त्यांनी दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला एखादा सदरा मागून घ्या. हरवलेली कुत्री बरेचदा शेवटच्या ओळखीच्या जागेकडे फिरून येतात आणि घरचा वास त्यांना तिथे थांबवतो. सदरा वळणावर ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं. उजाडायच्या वेळी पोचा. झाडीत शिरू नका, हाका मारू नका. वळणावरच बसा, पाठ झाडीकडे करून, आणि तुमच्या बहिणीलाही तुमच्या शेजारी तशीच बसवा. दोघांनी काहीतरी साधं बोलत राहा, हळू आवाजात, मागे वळून न बघता. पाला वाजला तरी.